सत्ताविसाव्या पानावरची हळद

आमच्या वाचनालयात मालकांच्या डोक्यावरच पाटी होती : 'पुस्तकात पेन, पेन्सिल वा खडूने खुणा करू नयेत. केल्यास पुस्तक विकत घ्यावे लागेल. वाद घालू नये.' ही पाटी लागली त्या दिवशी बाबांनी घरी येऊन ती आईला शब्दशः म्हणून दाखवली. आई पोळ्या लाटत होती. लाटणं न थांबवता तिने विचारलं, "हळदीबद्दल काही लिहिलंय?"

हळदीबद्दल काही लिहिलेलं नव्हतं. तेव्हापासून आईच्या हातून गेलेल्या पुस्तकांत सत्ताविसाव्या पानावर, खाली शिवणीकडच्या कोपऱ्यात, हळदीचा ठिपका असायचा. करंगळीच्या टोकाएवढा, तेलाचं बोट लावून पक्का केलेला. पेन नाही, पेन्सिल नाही, खडू नाही. मालकांनी तो पाहिला आणि पाटी बदलली नाही, एवढंच.

खुणा तशा सगळ्याच बायका करायच्या. वाचनालयाच्या पुस्तकांचं कसं असतं, नाव विसरायला होतं, मुखपृष्ठ फाटून बांधणी नवी होते, आणि चाळीस पानं वाचल्यावर लक्षात येतं की अरे, हे तर आपण मागेच वाचलंय. म्हणून प्रत्येकीचं एक पान ठरलेलं. कोणी त्या पानावर नखाने चंद्रकोर उमटवायची, कोणी टाचणीने भोक पाडायची, कोणी कोपरा चिमटीएवढा दुमडायची. पुस्तक हातात घेतलं की आधी आपलं पान बघायचं आणि मग ते न्यायचं की ठेवायचं हे ठरवायचं. आईचा ठिपका मी लहानपणापासून बघत आले होते आणि त्याचा अर्थ तेवढाच आहे असं धरून चालले होते.

वाचनालय कसब्यात, तांबट आळीच्या तोंडाशी, पहिल्या मजल्यावर. खाली तांब्याच्या भांड्यांवर ठोके पडत असायचे आणि वर मालक त्या ठोक्यांवर आवाज चढवून 'शांतता राखा' म्हणायचे. जिना लाकडी आणि उभा. आईचे गुडघे लवकर गेले, त्यामुळे इतक्या वर्षांची सभासद असूनही तिथल्या एकाही बाईने तिला पाहिलेलं नव्हतं. पुस्तकं बाबा आणायचे. कारखान्यातून सुटले की एका हातात भाजीची पिशवी आणि दुसऱ्या हातात आईचं पुस्तक. त्यातलं एकही त्यांनी कधी उघडून पाहिलं नाही. मालक देतील ते आणायचं, आई देईल ते परत न्यायचं.

आईच्या कादंबऱ्या एकाच कपाटात असत. त्यावर मालकांनी 'ऐतिहासिक, कौटुंबिक व प्रेरणादायी' अशी चिठ्ठी डकवली होती. सगळे त्याला बायकांचं कपाट म्हणायचे. मोहिमेवर गेलेला शिलेदार आणि त्याची वाट बघता बघता वतनाचा कारभार शिकलेली त्याची बायको. गावाशी भांडून मुलींची शाळा काढणारी तरुण विधवा आणि त्या शाळेला आपला सोपा देणारा अबोल वकील. प्रेम असायचंच, पण प्रेमाच्या जोडीला निदान एखादी लढाई नाहीतर एखादी शाळा लागायची. नुसतं प्रेम आईला पुरत नसे. "नुसतं काय, गुळाचा खडा कितीही गोड असला तरी किती चोखणार?" असं ती म्हणायची.

मी इंजिनिअर झाले आणि हिंजवडीच्या एका कंपनीत टेस्टर म्हणून लागले. दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायच्या आणि त्यांना त्या कळवायच्या, याचा मला पगार मिळायचा. "फुकट करत होतीस, आता पैसे देतायत, घे," असं म्हणून आईने पेढे आणायला बाबांना पाठवलं होतं.

आई माघात गेली. आजारपण फार लांबलं नाही, पण शेवटचे काही आठवडे ती अंथरुणावरच होती. दिवस-कार्य उरकल्यावर गादी उचलली तेव्हा उशाखाली एक पुस्तक निघालं. नवं कोरं, मध्ये विजेच्या बिलाची घडी. बिल जेमतेम निम्म्यावर होतं. मी ते पान वाचलं. मोहिमेवरून बऱ्याच वर्षांनी परतलेला एक माणूस स्वतःच्या घराच्या दारात उभा होता, कडी वाजवत होता, आणि आतल्या बाईने अजून दार उघडलं नव्हतं. मी पुस्तक मिटलं.

बाबा म्हणाले, "परत द्यायला हवं." पण ते उठले नाहीत. म्हणून शनिवारी मीच गेले.

मालकांनी पुस्तक हातात घेतलं आणि तारीखबिरीख न बघता सत्ताविसावं पान उघडलं.

"ठिपका नाही," ते म्हणाले.

"वाचून व्हायचं होतं अजून."

त्यांनी पुस्तक मिटून टेबलावरच्या नव्या पुस्तकांच्या चळतीत ठेवलं. "कळलं मला. वाईट झालं." मग चष्मा पुसत म्हणाले, "माझंही नुकसान झालं."

मला रागच आला. आई माझी गेली होती आणि हे गृहस्थ नुकसानीच्या गोष्टी करत होते. तसं मी बोलूनही दाखवलं. मालक शांतपणे उठले, बायकांच्या कपाटाशी गेले आणि सात-आठ पुस्तकं काढून माझ्यापुढे सत्ताविसाव्या पानावर एकेक उघडत गेले. काहींत हळद होती, काहींत नव्हती.

"ही सगळी तुझ्या आईने वाचलेली आहेत," ते म्हणाले. "नवीन आलं की पहिलं तुमच्याच घरी जायचं. ठिपका म्हणजे वाचलं असं नाही. ठिपका म्हणजे न्या. आवडलं नाही तर ती कोरं परत पाठवायची. बाकीच्या बायकांनी हे कधीच ओळखलंय. स्वतःचं पान नंतर बघतात, आधी सत्तावीस. कोणाची खूण ते कोणाला माहीत नाही. मीही सांगितलं नाही. तुझ्या आईनेच सांगितलं होतं तुझ्या बाबांकरवी, की सांगू नका, नाहीतर येऊन वाद घालतील."

तेवढ्यात जिना चढून एक बाई आल्या. सत्तरीच्या, ताठ, हातात छत्री. बाहेर कडक ऊन होतं. पुढे मला कळलं की ती छत्री बारा महिने असते. त्यांनी नव्या पुस्तकांच्या चळतीतली चार-पाच पुस्तकं उचलली, प्रत्येकाचं एकच पान बघितलं आणि परत ठेवली. त्यात आत्ताच मी परत केलेलंही होतं.

"अहो, नवीन काही नाही का?"

"ही काय, नवीनच आहेत की."

"नवीन आहेत ती दिसतायत मला. चांगलं काही नाही का?" असं म्हणून छत्रीवाल्या काकू रिकाम्या हाताने जिना उतरून गेल्या.

"बघितलंस?" मालक म्हणाले. "महिन्याभरात एकही नवं पुस्तक हललं नाही. जुनी सगळ्यांची वाचून झालीत. लोक हल्ली संगणकाची पुस्तकं मागतात, स्पर्धा परीक्षेची मागतात. दिवाळी अंक यायच्या आत मी हे कपाट रिकामं करणार आहे. मला अंक मांडायला जागाही लागते."

"आणि ही पुस्तकं?"

"रद्दीत. दुसरं काय?"

आईचं बाकी सगळं घरातून जात चाललं होतं. साड्या मावशीने नेल्या, औषधं फेकली, चष्मा कुठल्याशा डब्यात गेला. पण इथे, तिने कधी न चढलेल्या जिन्याच्या वर, कसब्यातल्या ओळखपाळख नसलेल्या बायका अजून तिच्या शब्दावर थांबल्या होत्या. तो शब्द रद्दीत जाऊ द्यायला माझी अजिबात तयारी नव्हती.

"नवीन आलेली मी वाचते," मी म्हटलं.

"तू?"

"का? मला वाचता येत नाही?"

"वाचता येतं. दुसऱ्याला काय द्यावं ते कळतं का, बघू," मालक म्हणाले आणि चळतीतलं सगळ्यात जाड पुस्तक माझ्याकडे सरकवलं.

कंपनीची बस स्वारगेटहून सुटायची आणि मी मनपाच्या थांब्यावर चढायचे. तिथून हिंजवडी म्हणजे तेव्हा तासाच्या वर, आणि वाकडच्या पुढे एकदा गाड्या अडकल्या की देवावर हवाला. बाकीचे झोपायचे नाहीतर कानात वायर घालून बसायचे. मी वाचायला लागले. माझ्या शेजारी आमच्याच टीममधला एक सहकारी बसायचा, अमरावतीचा. दुसऱ्या दिवशी त्याने मुखपृष्ठावरची नऊवारीतली, तलवार धरलेली बाई पाहिली.

"काय वाचून राहिली तू?"

"कादंबरी."

"प्रमोशनची परीक्षा हाये ना पुढच्या महिन्यात?"

"आहे. मग?"

"नाही, काही नाही. वाच," तो म्हणाला आणि डोळे मिटून घेतले.

ते जाड पुस्तक मी जसं प्रोग्रॅम तपासते तसं तपासलं. एका सरदाराच्या मुलीची गोष्ट होती. कुठेही चूक सापडेना. नको त्या शतकात बटाटा शिजत नव्हता, घोडा एका दिवसात जाईल तेवढंच अंतर जात होता, दागिन्यांची नावं बरोबर, नातीगोती बरोबर. इतकं निर्दोष काम मला ऑफिसात कधी दिसलं नव्हतं. मी खूश झाले.

संध्याकाळी घरी आल्यावर बाबांना विचारलं, "यावर ठिपका मी ठेवू का? आईचाच?" त्यांनी उठून मिसळणाचा डबा माझ्यापुढे ठेवला आणि तेलाची वाटी आणली. मी करंगळी टेकवली. ठिपका हुबेहूब उमटला. आईची करंगळी आणि माझी करंगळी एकाच मापाची आहे हे मला तोवर माहीत नव्हतं, आणि ते कळल्यावर मला रडू आलं.

पुस्तक त्याच आठवड्यात गेलं. छत्रीवाल्या काकूंनीच नेलं. पुढच्या शनिवारी मी वाचनालयात असतानाच त्या ते परत घेऊन आल्या आणि टेबलावर आपटलं.

"अहो, हे काय? सत्ताविसाव्या पानावर विसंबून नेलं मी. इतिहासाचा पेपर लिहायचाय का मला या वयात? त्या पोरीला नवऱ्याबद्दल काय वाटतं ते तीनशे पानांत कळत नाही. दागिने मात्र सगळे कळतात."

मालक माझ्याकडे न बघता म्हणाले, "एखादं निघतं असं."

"एखादं नाही निघायचं आजवर. या बाईंचं काहीतरी बिनसलंय. घरचं काही झालं असेल," काकू म्हणाल्या आणि छत्री काखेत मारून गेल्या.

माझे कान तापले. माझ्या आईची एवढ्या वर्षांची पत मी एका पुस्तकात घालवली होती. त्या बाईंना जिन्यात गाठून काय ते सांगून टाकावं असं एक क्षण वाटलं, पण सांगून काय मिळणार होतं? आई गेली म्हणून कोणी भिकार पुस्तक गोड मानून घेणार नव्हतं, आणि तसं कोणी घेतलेलं आईलाही चाललं नसतं.

मग मी ठरवलं की नीट अभ्यास करायचा. ठिपका असलेली जुनी पुस्तकं एकामागून एक नेली. चैत्र, वैशाख, ज्येष्ठ, सगळे त्यातच गेले. बस हिंजवडीच्या रस्त्याला रांगत होती आणि मी किल्ल्यांवर, वाड्यांवर, गावाबाहेरच्या शाळांमध्ये फिरत होते. प्रमोशनची परीक्षा मी दिली आणि नापास झाले. सगळ्यांना वाटलं आई गेल्यामुळे झाली. मी कोणाचा समज दुरुस्त केला नाही.

वाचता वाचता मला आईची आवड सापडली, किंवा सापडली असं वाटलं. तिच्या पुस्तकांत लग्न शेवटी नसायचं. ते आधीच होऊन जायचं, बऱ्याचदा मनाविरुद्ध, आणि खरी गोष्ट नंतर सुरू व्हायची. दोघं एकमेकांना हळूहळू ओळखायला लागायची, तीही कामातून. तो तिच्यासाठी विहीर उपसायचा, ती त्याच्या जखमा धुवायची, मधूनमधून दोघं कडाडून भांडायची. मंडपात संपणाऱ्या कादंबऱ्यांवर हळद नव्हती. बायकोला नुसतं सोसायला लावणाऱ्यांवरही नव्हती. मी हे सगळं मनाशी पक्कं केलं आणि नव्या पुस्तकांतून या सगळ्यात बसणारं एक शोधून काढलं. लग्न पहिल्या प्रकरणात, विहीर होती, जखमा होत्या, भांडणंही होती. मी हळद लावली.

या खेपेला काकू आपटायलाही थांबल्या नाहीत. पुस्तक ठेवता ठेवता म्हणाल्या, "या बाई आता स्वतःचीच नक्कल करायला लागल्यात. होतं असं वयाने." आणि नव्या पुस्तकांकडे न बघताच निघाल्या.

मालकांनी खिडकीतून बाहेर बघत मला सांगितलं की भाद्रपद लागलाय, गणपती झाले की ते कपाट काढायला माणूस बोलावणार आहेत. ते वाईट बोलले नाहीत. वाईट बोलले असते तर मला भांडता तरी आलं असतं.

घरी येऊन मी बाबांच्या पुढ्यात बसले. "तुम्ही आईला वर्षानुवर्षं बघितलंत. ठिपका कधी ठेवायची, कधी नाही, कसं ठरवायची ती? कशावरून?"

"ते मला काय माहीत? मी कुठे वाचलंय त्यातलं एकही?" बाबा म्हणाले. त्यांनी थोडा विचार केला. "भाजी लागली की ठेवायची."

"म्हणजे?"

"ओट्याशी उभी राहून वाचायची ना. पुस्तक चांगलं निघालं की भाजी करपायची. करपलेला वास आला की मी समजायचो, आता हळद लागणार. ठिपका असलेल्या प्रत्येक पुस्तकाची एकेक भाजी मी खाल्लेली आहे." हे त्यांनी जरासं अभिमानानेच सांगितलं.

मी हसायला लागले आणि हसू थांबेना. मी चुका मोजल्या होत्या, विहिरी आणि जखमा मोजल्या होत्या. भाजीचा विचार माझ्या डोक्यात आला नव्हता.

मग मला ते उशाखालचं पुस्तक आठवलं. "बाबा, ते शेवटचं अर्धं राहिलेलं. त्याला भाजी लागली होती?"

"ते नाही सांगता येणार," बाबा म्हणाले. "तेव्हा भाजी मीच करत होतो. आणि माझी रोजच करपते."

दुसऱ्या शनिवारी मी ते पुस्तक मागून घेतलं. महिने उलटले तरी ते कोणी नेलं नव्हतं; बिलाची घडी मालकांनी तशीच आत राहू दिली होती. मी आता काही तपासायचं नाही असं ठरवून ते पहिल्यापासून वाचायला घेतलं. सोमवार गेला, मंगळवार गेला. बुधवारी सकाळी औंधच्या आसपास मी विजेच्या बिलापाशी पोचले. तो अजून दारात उभा होता. आईने त्याला तिथे उभा सोडला होता. पुढचं पान उलटायच्या आधी मी थांबले, कारण इथून पुढचं तिला माहीत नव्हतं आणि मला कळणार होतं. मी पान उलटलं.

तिने दार उघडलं. आनंदाने नाही, चिडून. इतकी वर्षं तिने एकटीने शेत सांभाळलं होतं, सासऱ्यांचं शेवटचं केलं होतं, दोनदा दरोडेखोरांना परतवलं होतं, आणि हा आता येऊन विचारत होता, जेवायला काय आहे. मला तिचा राग इतका पटला की मी मनातल्या मनात त्याच्याशी भांडायला लागले. मग तो उंबऱ्यावरच बसून राहिला. आत ये म्हणाली नाही म्हणून आत गेला नाही. रात्रभर, दुसऱ्या दिवसभर. तिने शेवटी भाकरी आणून त्याच्यापुढे आदळली आणि तो जेवताना त्याचा उजवा हात चालत नाही हे तिला दिसलं.

"ओ मॅडम!"

मी वर पाहिलं. बस रिकामी होती. खिडकीबाहेर कंपनीची इमारत नव्हती. नुसता माळ होता आणि ओळीने उभ्या रिकाम्या बसगाड्या.

"तुमचं हापिस मागं राहिलं की," ड्रायव्हर म्हणाला. "हितं काय हाय आता? संध्याकाळपतूर गाड्या उभ्या राहत्यात हितं."

"थोडं राहिलंय," मी पुस्तक दाखवून म्हटलं. "वाचू का?"

त्याने माझ्याकडे बघितलं, माझ्या डोळ्यांकडे बघितलं आणि म्हणाला, "वाचा, वाचा. मी न्याहारी करतो."

त्या माळावर, उभ्या असलेल्या बसमध्ये मी ते पुस्तक संपवलं आणि पोटभर रडले. दोघांसाठी रडले आणि आईसाठी रडले. ऑफिसात पोचले तेव्हा सकाळची मीटिंग होऊन गेली होती. अमरावतीकर सहकारी म्हणाला, "उतरताना दोनदा आवाज देल्ला तुले. ऐकूनच नाही राहिली." त्याला मी काय सांगणार? माझी भाजी लागली होती.

त्या संध्याकाळी मी हळद लावली. बाबांनी विचारलं, "करपली?" मी म्हटलं, "पार कोळसा." ते मान हलवून वाटी ठेवायला आत गेले.

मग मला नव्या पुस्तकांतली आणखी दोन आठवली. अभ्यासाच्या नादात मी ती बाजूला टाकली होती. एकात लग्नच नव्हतं, एकात तर इतिहासाच्या ढळढळीत चुका होत्या. पण एकाच्या वेळी माझा चहा हातात गार झाला होता आणि दुसऱ्याच्या वेळी मी लिफ्टमध्ये चुकीच्या मजल्यावर उतरून तिथल्या खुर्चीत बसले होते. मी ती दोन्ही परत मागवून सत्ताविसाव्या पानावर करंगळी टेकवली. मालकांनी तिन्ही पानं बघितली, "पाटीत हळद घालायला हवी होती," असं पुटपुटले आणि पुस्तकं चळतीच्या वर ठेवली.

सुरुवातीला ती पुस्तकं वाचनालयातून हललीच नाहीत. दोनदा फसलेल्या बायका तिसऱ्यांदा लगेच फसत नाहीत. दसऱ्याच्या सुमाराला एक गेलं. ते परत आलं त्याच दिवशी दुसरीने नेलं. मग मालकांकडे त्या पुस्तकांसाठी नंबर लागायला लागले. दिवाळी अंकांचे गठ्ठे आले तेव्हा ते काढायला मी मदतीला गेले होते. बायकांचं कपाट जागेवर होतं. संगणकाच्या पुस्तकांसाठी मालकांनी खालची एक फळी मोकळी केली होती, बाकी काही हलवलं नव्हतं. "जागा नाही, पण बसवू," एवढंच ते म्हणाले. गणपतीनंतर कपाट काढायला माणूस त्यांनी बोलावलाच नव्हता.

अंक मांडत असतानाच छत्रीवाल्या काकू आल्या. हातात ते उशाखालचं पुस्तक. त्यांनी ते टेबलावर आपटलं नाही, ठेवलं, आणि त्यावर हात तसाच राहू दिला.

"आल्या वाटतं परत," त्या मालकांना म्हणाल्या.

"कोण?"

"या हो, सत्ताविसाव्या पानावरच्या. मध्यंतरी कुठे गेल्या होत्या कोण जाणे. दुसरंच कोणीतरी वाचत होतं इतके दिवस, मला कळत का नाही? पण आता आल्यात."

मालकांनी माझ्याकडे बघितलं. खाली तांबटाचे ठोके चालू होते.

"हो," मी म्हटलं. "आल्या."

काकू वळल्या. "तुला ठाऊक आहेत त्या?"

"हो."

"कुठे असतात?"

"इथेच. कसब्यातच. जिना चढवत नाही त्यांना."

काकूंनी मला एकदा खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. मग छत्री काखेत घेतली आणि जिन्याकडे जाता जाता म्हणाल्या, "मग सांग त्यांना माझ्याकडून. तो उंबऱ्यावर बसून राहिला ना, तिथे माझं दूध उतू गेलं म्हणावं. सगळं."

"सांगते," मी म्हटलं.